चौथ्या खेपेचा पश्चात्ताप

शांतवन गेल्याचं कळलं तेव्हा मी शाळेत हजेरी घेत होतो. पारनेरच्या दवाखान्यातून माणूस सायकलवर आला आणि "कावीळ हुती, गेले," एवढंच म्हणाला. मी हजेरी पूर्ण केली. खोटं कशाला बोलू, शांतवन माझा थोरला चुलतभाऊ असला तरी मला त्याची किळस यायची. आता गावात जो तो त्याला देवमाणूस म्हणत सुटला आहे, म्हणून हे लिहायला बसलो.

आमची ख्रिस्ती मंडळी लहान. सभासद दारू पिऊन भांडला की त्याचं प्रभुभोजन बंद, म्हणजे भाकर आणि प्याल्याचं ताट त्याला ओलांडून पुढं जाणार. परत यायचं तर सगळ्यांसमोर उभं राहून पाप नाव घेऊन सांगायचं. मंडळीचा पंच म्हणून शांतवनला बंद करण्याचा ठराव तीन वेळा मीच मांडला, आणि चवीनं मांडला. तिन्ही वेळा तो उभा राहिला. रडायचा मात्र झकास! बायका पदर डोळ्यांना लावायच्या, हात वर करून त्याला माफ करायच्या, आणि पंधरा दिवसांत येरे माझ्या मागल्या. तिसऱ्यांदा तर पश्चात्ताप करतानाच तोंडाला वास येत होता. पाळकसाहेबांनी प्रार्थना मान वळवून केली. कुत्र्याचं शेपूट नळीत घातलं तरी वाकडंच, असं मी भर मंडळीत म्हणालो होतो.

मग दुष्काळ पडला. तो बायकोला, मार्थावहिनीला, घेऊन सुप्याच्या रस्त्यावर खडी फोडायला गेला. वर्षभरानं परतला तो हाडांचा सापळा होऊन, डोळे पिवळे. पहिल्याच रविवारी उभा राहिला. मी घड्याळ पाहिलं.

"ह्या खेपंला दारूचं न्हाई सांगायचं," तो म्हणाला. "ती सुटली. मी गुरुजींचा दुस्वास केला. खडी फोडताना दर दगडाला त्यांचंच डोस्कं समजून हातुडा घातला... गुरुजी, माफी करा."

मागं कुणीतरी हसलं. आमच्याकडे असं कुणाचं नाव घेतलं गेलं, की त्यानं उठून पुढं जायचं, हात हातात घ्यायचा, मग दोघांनी एकाच तुकड्यातली भाकर घ्यायची. पाळकसाहेब थांबले. शांतवन हात पुढं करून उभा होता. त्या हाताला घट्टे पडले होते, आणि तो थरथरत होता. दारूनंच थरथरतोय, असं मी मनाशी ठरवून टाकलं.

"सहा महिने वागणूक पाहू," मी बसल्या जागेवरून म्हणालो.

"बरं," तो म्हणाला, आणि मागं सतरंजीच्या कडेला जाऊन बसला. ताट त्याला ओलांडून गेलं. बाराव्या दिवशी तो वारला. दारू खरंच सुटली होती, दवाखान्यातल्या डॉक्टरांनी सांगितलं... पण आधीच्या दारूनं सडलेलं यकृत काही सुधारलं नव्हतं.

तो देवमाणूस नव्हता. त्यानं वहिनीला मारलेलं मी पाहिलं आहे. पण त्या दिवशी तो खरं बोलला, आणि मला ते कळलं होतं. कळूनच मी बसून राहिलो. एवढ्या माणसांत एका दारुड्याचा हात धरायची मला लाज वाटली.

गेल्या रविवारी भाकरीचं ताट माझ्यापर्यंत आलं. मला कुणी बंद केलेलं नाही. तरी मी ते पुढं सरकवलं. पाळकसाहेबांनी हळूच विचारलं, "गुरुजी?" सांगायला उठावं म्हटलं, पण उठलो नाही. इतरांचे ठराव मांडणारा माणूस मी, गीतांचं पुस्तक उघडून त्यात बघत बसलो.

उपासना सुटल्यावर मार्थावहिनी चपला घालता घालता माझ्याजवळ थांबली.

"उठाया लई जड जातं, गुरुजी," ती म्हणाली. "ते म्हनायचे, पयल्या खेपंलाच. मग तेवढं न्हाई."

मी अजून एकदाही उठलेलो नाही.