गाभण आहे किंवा नाही, पाहून कळवावे

आमचं सेक्शन मंगळवारी दुपारी पावणेचार वाजता ओढ्यावर पोचलं. आदल्या दिवशी हिंगोलीच्या छावणीतून निघालो होतो, रात्री सेनगावला मुक्काम. नऊ शिपाई आणि मी नाईक. दुसरं महायुद्ध सुरू व्हायला अजून दोन वर्षं होती आणि मी संस्थानच्या फौजेत होतो. लोक फौजेतल्या आठवणी विचारतात तेव्हा त्यांना लढाई ऐकायची असते. या हकिकतीत एकही गोळी सुटत नाही.

गाव साखऱ्याच्या बाजूचं. नाव लिहीत नाही, तिथली माणसं हयात आहेत. गावात उंदीर पडायला लागले होते. चार माणसं प्लेगची गाठ येऊन गेली तेव्हा घरं रिकामी करून सगळं गाव ओढ्याच्या अलीकडे शेतात खोपटी घालून राहिलं. आमचं काम सोपं होतं. कोणी पलीकडे जाऊ नये, पलीकडून काही अलीकडे येऊ नये. ओढ्याच्या काठाने चुन्याची रेघ मारली होती. रेघेच्या पलीकडे चाळीस पावलांवर गावाची पहिली घरं होती. कुलपं लागलेली, अंगणं झाडलेली.

सकाळी सहाला हजेरी. दर दोन तासांनी पहाऱ्यावरचा संत्री बदले. नऊला कंपाउंडर येई, खोपटं फिरून काखा-जांघा तपासत असे आणि मला सांगून जाई. रात्रंदिवस पहारा, बाकी काही काम नाही. निघण्याआधी छावणीत सेक्शनला लस टोचली होती. एकाची राहिली. शिपाई शेख इमाम रजेवरून आला तेव्हा टोचणी होऊन गेली होती. मला ते माहीत होतं.

इमाम गोरेगावचा. घरात बकऱ्यांचा धंदा. पहिल्याच दिवशी खोपटांत त्याला त्याच्या गावची मुलगी भेटली. सरजा, वय सोळा-सतरा, मागच्या उन्हाळ्यात लग्न होऊन या गावात आलेली. गावची लेक म्हणजे बहीण. तेव्हापासून ती त्याला इमामदादा म्हणे. रोज सकाळी पोस्टवर येऊन लांबूनच विचारे, "इमामदादा, जेवला का?" तो म्हणे, "जेवलो." मग ती परत जाई. तिला चौथा महिना होता.

सरजाने माहेराहून एक मांजर आणलं होतं. पांढरं, पाठीवर एकच पिवळा ठिपका. नाव कवडी. आलं तेव्हा ओंजळीत मावत होतं. आता आठ महिन्यांचं झालं होतं. गाव हललं तसं तेही हललं, पण त्याला रेघ कळत नव्हती. दिवसा खोपटात, संध्याकाळी गावात.

दुसऱ्या आठवड्यातल्या शुक्रवारी, दुपारी साडेबाराला, कवडी ओढा ओलांडून आली. तोंडात उंदीर होता. तो तिने सरजाच्या खोपटासमोर ठेवला. कंपाउंडरने चिमट्याने उचलून रॉकेल टाकून जाळला आणि मला म्हणाला, "नाईक, ते मांजर मारा. पुन्हा आणील."

शनिवारी कवडी आली नाही. सरजाच्या बंद घराच्या ओट्यावर पडून होती. रविवारीही तिथेच. पोस्टवरून स्पष्ट दिसे. मी सेक्शन उभं केलं आणि विचारलं, "कोण मारतो?"

कोणी पुढे झालं नाही.

"मांजर मारली तर काशीला सोन्याची मांजर द्यावी लागते, साहेब," मागून एक जण म्हणाला. "सुभेदाराच्या पगारात बी शेपटीएवढंच सोनं यायचं."

माणसं हसली. इमाम हसला नाही. "गावच्या लेकीची हाय, साहेब. आन् ती गाभण हाय म्हणते."

सरजा तोवर रेघेपाशी येऊन उभी होती. मागे तिची सासू मथुराबाई.

"कशावरून गाभण?" मी विचारलं.

"दोन दिस झाले, तोंड लावून न्हाई राहिली," सरजा म्हणाली. "भाकर टाकली तरी वास घेती आन् मान फिरवती. काल ओकली. कोपरा धरून बसली. मला बी असंच व्हतंय."

"तुला व्हतं म्हणून मांजरीला व्हतं व्हय?" मथुराबाई म्हणाली. "उद्या म्हणशील, तिला बी चिंचा धाडा."

"आत्याबाई, तुमी गप बसा."

"मी काहून गप बसू? तू दोन घास खा, मग मी गप बसते."

सरजाची एकच विनवणी होती. पोटुशीच्या घरचं गाभण जनावर मारू नका. सेक्शनमधल्या एकालाही ते गैर वाटलं नाही. मलाही नाही. पण ठरवणं माझ्या हातात नव्हतं. दुपारी दोनला मी स्वाराबरोबर सेनगावला आमचे वरिष्ठ, जमादारसाहेब, यांना चिठ्ठी पाठवली. मांजर गाभण असल्याचे कळते, माणसे मारण्यास कचरतात, काय करावे.

सोमवारी अकराला उत्तर आलं. तीन ओळी होत्या.

"गाभण असल्यास पिले होईपर्यंत पलीकडेच बांधून ठेवावी. नसल्यास मारावी. गाभण आहे किंवा नाही, पाहून कळवावे."

जमादारसाहेब भले गृहस्थ होते. त्यांनी जीवदान द्यायला वाट ठेवली होती.

मी मथुराबाईला बोलावून विचारलं, कसं ओळखायचं. तिने सांगितलं ते जसं आठवतं तसं देतो.

"थानं बघा. तीन आठवडे झाले की थानं गुलाबी व्हत्यात, कण्हेरीच्या कळीवानी, आन् भवतालचे केस इरळ व्हत्यात. पोट दिसायला म्हैना जावा लागतो. दोन म्हैने उलटले की व्याली. पोट दाबायचं न्हाई, पिलं पडत्यात."

"इतक्या लहान वयात राहते?"

"सहा म्हैन्याची बी राहती. त्याचं काय नवल न्हाई." ती ओट्याकडे बघत म्हणाली, "पर गाभण मांजर दोन घरचं खाती, साहेब. एखांदा दिस खात न्हाई, मग मागं लागती. ही तीन दिस उपाशी हाय म्हणता."

हे तिने सांगितलं. मी ऐकलं. चिठ्ठीत थानांबद्दल किंवा भुकेबद्दल काही नव्हतं, फक्त पाहून कळवायचं होतं.

"मी जातो, साहेब," इमाम म्हणाला. "बकरी गाभण हाय का ते माझ्या बोटाला कळतं. मांजर म्हंजे काय, लहानी बकरी."

"दाबू नकोस."

"न्हाई दाबत."

साडेअकराला त्याने रेघ ओलांडली. मी घड्याळ बघितलं होतं, कारण रेघ ओलांडल्याची वेळ लिहायची असे. ओट्यावर पोचून त्याने मांजर उचललं आणि मांडीवर उताणं केलं. ते एकदाच फिस्कारलं. त्याने हात झटकला, बोट तोंडात घातलं, पुन्हा खाली वाकला.

"काय दिसतं?" मी ओरडलो.

"थानं पांढरीच हायेत. बारीक. केस दाट."

"म्हणजे?"

"गाभण न्हाई." मग जरा वेळाने, "साहेब, आंग लई तापलंय हिचं. आन् हितं गळ्याखाली गाठ हाय. लिंबाएवढी."

मथुराबाईने सरजाचा दंड धरून तिला आत ओढलं.

मांजराला प्लेग होतो हे आम्हाला कोणी सांगितलं नव्हतं. आम्हाला उंदीर सांगितला होता आणि पिसू सांगितली होती. पण गाठ हा शब्द त्या हिवाळ्यात कोणाला समजावून सांगावा लागत नव्हता.

"खाली ठेव," मी म्हणालो. "तिथंच थांब. पुढं येऊ नकोस."

इमामने मांजर ओट्यावर ठेवलं. हात लांब धरून उभा राहिला.

"चावली का?"

"जरासं. बोटाला."

"तिथंच थांब."

"जी."

मी उत्तर लिहिलं. गाभण नाही. प्लेगची लागण दिसते. पाहणारा, शिपाई शेख इमाम. मांजर मारण्याची गरज पडली नाही. संध्याकाळी पाचच्या आधी ते आपणच मेलं. रेघेवर ठेवलेलं रॉकेल नेऊन इमामनेच ते जाळलं.

त्याला गावच्या चावडीत ठेवलं. रेघेवर भाकरी आणि पाणी ठेवून आम्ही मागे सरकायचो, मग तो येऊन न्यायचा. कंपाउंडर तोंडाला फडकं बांधून रोज दोनदा जाई. मंगळवार, बुधवार ताप नव्हता. सरजा सकाळी येई आणि ओढ्यावरून विचारे, "इमामदादा, जेवला का?" चावडीतून उत्तर येई, "जेवलो." भाकरी तशीच पडलेली असायची तेव्हाही तेच उत्तर येई.

गुरुवारी संध्याकाळी साडेपाचला कंपाउंडर त्याची काख बघत होता. इमाम तिथून ओरडला, "नाईकसाहेब, आता माझी बी थानं बघून राहिले. काय कळवू?"

सेक्शन हसलं. मीही हसलो. कंपाउंडर परत आला तेव्हा हसत नव्हता. ताप एकशे तीन, डाव्या काखेत गाठ.

औषध नव्हतं. त्या काळी या रोगाला पाणी, सावली आणि वाट बघणं एवढंच होतं. शुक्रवारी तो सरजाला "जेवलो" म्हणाला. शनिवारी ती दोनदा विचारून उभी राहिली. तिसऱ्यांदा मथुराबाईने विचारलं. मग दोघी परत गेल्या.

रविवारी पहाटे पाच वाजून दहा मिनिटांनी तो गेला. गोरेगावला नेता आलं नाही. सेक्शनमधल्या दोन मुसलमान शिपायांनी नमाज पढली. ओढ्याच्या पलीकडे, गावाच्या वर, त्याला पुरलं. खड्ड्याच्या खोलीचा हुकूम सहा फुटांचा होता. आम्ही सात खणलं. खोपटांत पुढे एकालाही गाठ आली नाही.

पोस्ट आणखी पाच आठवडे राहिली. उंदीर पडायचे थांबले, गाव परत घरात गेलं, आम्ही मागे फिरलो. मी दोन दिवसांची रजा घेऊन गोरेगावला गेलो. त्याची वळकटी आणि कपडे जाळले होते. द्यायला फक्त एक पितळी डबी होती, चुन्याची. त्याच्या आईने ती हातात घेतली, उघडून बघितली, बंद केली. मला पाणी दिलं. बकऱ्या अंगणात बांधलेल्या होत्या.

सरजाच्या माहेरून इमामच्या आईला सगळं कळलेलं होतं. फक्त एक गोष्ट कळली नव्हती. तिने तेवढंच विचारलं.

"साब, वो बिल्ली पेट से थी क्या?"

मी तिच्याकडे बघितलं. तिला एकच ठरवायचं होतं, मुलगा कशासाठी गेला.

"थी," मी म्हणालो.

"कित्ते पिल्ले थे?"

"चार."

तिने मान हलवली. "उसके हाथ को बराबर समजता था," ती म्हणाली आणि डबी पदराला बांधली.

सोमवारी अकरा वाजता चिठ्ठी माझ्या हातात आली होती. पेन्सिल खिशात होती. मांजर चाळीस पावलांवर होतं आणि जमादारसाहेब सेनगावला. 'आहे' एवढं लिहून पाठवलं असतं तर कोणी तपासायला येणार नव्हतं. तो शब्द मी लिहिला नाही, कारण मी पाहिलं नव्हतं. पाहायला इमामला पाठवलं.

सात आठवड्यांनी, त्याच्या आईसमोर, न पाहता सांगितला.