सात नंबरचा कैवारी

मी सोफे दुरुस्त करतो. फाटलेलं कापड उतरवायचं, दबलेला फोम काढायचा, सैल झालेल्या स्प्रिंगा सुतळीने पुन्हा आवळायच्या, नवं कापड ताणून खिळे मारायचे. सगळं आयुष्य दुसऱ्यांच्या बैठकीची सोय लावण्यात गेलं, आणि घरी मात्र मी जमिनीवर भिंतीला पाठ टेकून बसतो, कारण आमचा स्वतःचा सोफा मोडलेला आहे. बायको प्रसूतिगृहात नर्स आहे. ती म्हणते, "तिकडे बाळंसुद्धा नऊ महिन्यांत येतात. आमच्या सोफ्याला कितवा महिना?"

तर त्या जमिनीवर बसून मी रोज संध्याकाळी टीव्हीवर सात नंबर लावायचो. वाहिनीला चांगलं भारदस्त नाव होतं, पण आमच्या घरात ती सात नंबरच. तिच्यावर एक गृहस्थ यायचे. अर्ध्या बाह्यांचा शर्ट, नाकावर घसरलेला चष्मा. एखादी वस्तू कशी तयार होते ते सावकाश सांगायचे. काच कशी फुगवतात, नदीच्या पात्रात पुलाचे खांब कसे उभे करतात, दोरखंडाला पीळ कसा घालतात. घाई नाही, ढणढणाट नाही. आम्ही त्यांना काका म्हणायचो. काकांच्या जिवावर मी स्वतःला विद्वान समजायला लागलो होतो. "आमचा सोफा कधी मिळणार?" असं विचारायला आलेल्या गिऱ्हाइकाला मी लोखंड का गंजतं ते समजावून सांगितलं आहे. गिऱ्हाईक ऐकून घ्यायचं, कारण सोफा माझ्या ताब्यात असायचा.

एके दिवशी पडद्यावर दोन हात एकमेकांत गुंफलेले दिसले आणि खाली अक्षरं आली : 'आता आम्ही एक झालो!' सात नंबरचं एका बड्या कंपनीत विलीनीकरण झालं होतं. माझी मुलगी एका कंपनीत कामाला आहे, तिला असल्या गोष्टी कळतात. ती म्हणाली, "बाबा, विलीनीकरण म्हणजे मोठा मासा छोट्याला गिळतो आणि आधी दोघांचा हसरा फोटो काढतात."

"तुला सगळ्यात वाईटच दिसतं," मी म्हणालो. मला वाटलं होतं, आता काका दुप्पट वेळ दिसतील.

काका आधी संध्याकाळचे दुपारी गेले. मग दुपारचे पहाटे गेले. मग गेलेच. त्यांच्या जागी भुतांची मालिका आली. तिच्यात भूत कमी आणि सासू जास्त दिसायची. पडद्याच्या खाली एक पट्टी पळू लागली, वर दुसरी पट्टी, आणि मधे उरलेल्या जागेत कुणीतरी किंचाळायचं. सात नंबरही राहिला नाही. वाहिनी चारशे बारावर गेली. मी घरात तरीही सातच म्हणत राहिलो, जसं काही माझ्या म्हणण्याने ती परत येणार होती.

मला हे फार लागलं. जेवण जाईना. बायको एक दिवस बघत राहिली आणि म्हणाली, "अहो, माझे वडील गेले तेव्हा तुम्ही दोनदा भात वाढून घेतला होता."

मी ग्राहक सेवेला फोन लावला. एक दाबा, तीन दाबा, करत करत शेवटी एका मुलीचा आवाज आला. "सर, बॉक्स बंद करून चालू करून बघितलात का?"

"ताई, बिघाड बॉक्समध्ये नाही. वाहिनीच्या आत्म्यात आहे."

तिकडे कीबोर्ड वाजला. "त्यासाठी टेक्निशियन पाठवू का, सर?"

मग मी चळवळ उभी केली. शेजारी एक मास्तर राहतात, निवृत्त झालेत, भूगोल शिकवायचे. तेही काकांचे भक्त. आम्ही दोघांनी वाहिनी बचाव समिती स्थापन केली. अध्यक्ष कोण, यावरून पहिल्याच बैठकीत वाजलं. मास्तर म्हणाले, शिक्षण त्यांचं जास्त. मी म्हणालो, दुःख माझं जास्त. वरच्या मजल्यावरच्या आजी तिसऱ्या सभासद झाल्या. त्यांना ही पाण्यासाठीची समिती वाटली होती. खरं कळल्यावर त्यांनी राजीनामा दिला आणि जाताना म्हणाल्या, "मला भुताची मालिका आवडते हो." शेवटी मास्तर अध्यक्ष झाले. मी सरचिटणीस झालो, म्हणजे कामं माझ्याकडे आली.

पहिलं काम म्हणजे वाहिनीच्या ऑफिसात जाऊन जाब विचारणं. मास्तरांचे गुडघे त्याच दिवशी दुखायला लागले. मी लग्नातला कोट चढवला आणि एकटाच निघालो. कोटाचं मधलं बटण लागत नव्हतं, ते मी ऐटीत उघडं ठेवलं.

ऑफिस म्हणजे सगळी काच. आत शिरताच एक लांबलचक सोफा. बसलो आणि थेट लाकडाला टेकलो. हलका फोम, शिवण उसवलेली. मी वाकून खाली हात घालून पट्ट्या तपासत होतो, तेवढ्यात कानाला हेडफोन लावलेली एक मुलगी धावत आली.

"काय पडलंय, काका? शोधू नंतर. ऑडियन्स ना तुम्ही? चला, चला, उशीर झालाय!"

"मला साहेबांना भेटायचंय," मी म्हणालो.

"आतच आहेत सगळे," ती म्हणाली आणि माझ्या कोटावर एक स्टिकर चिकटवला.

मला वाटलं, थेट साहेबांकडेच नेते आहे. तिने मला नेलं ते एका थंडगार, झगमगीत हॉलमध्ये. पायऱ्यापायऱ्यांच्या बाकांवर शंभरेक माणसं बसली होती आणि मला दुसऱ्या रांगेत मधोमध कोंबलं गेलं. उठायचं तर दहा जणांचे पाय तुडवावे लागले असते. समोर माइक घेऊन एक माणूस प्रेक्षकांना शिकवत होता. हात वर केला की टाळ्या, दोन्ही हात वर केले की आरडाओरडा. नाकावर घसरलेला चष्मा. तोच आवाज. काका!

ज्याने मला पुलाचे खांब दाखवले, तो माणूस लोकांना टाळी वाजवायला शिकवत होता! निषेध म्हणून मी हाताची घडी घातली. काकांनी माझ्याकडे बोट केलं. "कोटवाले दादा, हात दुखतात का?" सगळे हसले. मी टाळी वाजवली.

मग खेळ सुरू झाला. पाच नवऱ्यांनी पडद्याआड घोरून दाखवायचं होतं आणि बायकांनी आपापला ओळखायचा होता. असला आचरटपणा बघायला मी मरेन पण बसणार नाही, असं मी समितीत ठणकावून सांगितलं होतं. एक ठसठशीत बाई पुढे आल्या, डोळे मिटून ऐकलं आणि म्हणाल्या, "चार नंबर. अहो, हा त्रास मी वीस वर्षं काढलाय, चूक होणारच नाही!" पडदा सरकला. चार नंबरवर दुसरंच कुणीतरी होतं. त्यांचा नवरा एक नंबरवर, आणि तो घोरतच नव्हता, खरोखरच गाढ झोपला होता. त्याला हलवून उठवलं तर तो म्हणाला, "डबा भरला का?"

मी हसलो. आधी नाकातून, मग तोंडातून, मग पोट धरून. डोळ्यांतून पाणी आलं, कोटाचं वरचं बटणही तुटलं. नाकाने कांदे सोलणाऱ्या माणसाची ही दशा.

मधल्या सुट्टीत मी काकांना गाठलं. "तुमचा तो कार्यक्रम बंद केला त्यांनी. मी त्यासाठीच भांडायला आलोय."

"तो होय?" त्यांनी चहाचा घोट घेतला. "अहो, लिहून यायचं ते मी वाचायचो. बोलताना जांभई आवरणं हीच त्यातली खरी मेहनत. तुम्ही बघायचात?"

"रोज."

त्यांनी माझ्याकडे जरा काळजीने बघितलं. "इथं बरं आहे. माणसं समोर दिसतात. तुम्ही काय छान हसता हो! थांबा अजून, पुढचा भाग भन्नाट आहे."

मी थांबलो. समितीचं निवेदन खिशातच राहिलं.

घरी मी ताकास तूर लागू दिली नाही. "साहेबांशी सविस्तर चर्चा झाली," असं मास्तरांना सांगितलं. मास्तरांनी सभेत वाजवतात तशी टाळी वाजवली. पण महिन्याभरात त्या खेळाची जाहिरात सुरू झाली आणि तिच्यात होतं कोण? मी. तोंड आ वासून, डोळे पुसत, कोट फाकलेला. दर थोड्या वेळाने, आणि त्यांच्या सगळ्या वाहिन्यांवर. विलीनीकरणाचा फायदा झालाच म्हणायचा तर तो मला झाला.

बायकोने पहिल्यांदा बघितलं तेव्हा हातातली वाटी खाली ठेवली. "माझ्यासमोर असे कधी हसलात हो?"

मी म्हणालो, "पुढच्या वेळी तू पण चल." ती आली. माझं घोरणं चांगलं ओळखते, म्हणून खेळात मात्र भाग घेऊ दिला नाही मी तिला.

मास्तरांनी मला समितीतून काढलं. समितीत एकटे उरल्यावर त्यांना अध्यक्षपद फिकं वाटू लागलं असावं, कारण पंधरा दिवसांनी ते दुकानात आले, खुर्चीचं कापड बघत उभे राहिले आणि छताकडे तोंड करून म्हणाले, "तिथले पास कसे मिळतात? माझ्या भाच्याला हवेत." मी त्यांना भाच्याचं वय विचारलं नाही.

पुढे त्या कंपनीने चारशे बारासुद्धा गुंडाळलं. जिच्यासाठी मी अन्न सोडलं होतं, ती वाहिनी नेमकी कधी बंद पडली ते मला सांगता येणार नाही. त्या दिवसांत हातात एक मोठं काम होतं, जुन्या नाट्यगृहाच्या खुर्च्या. मी उशिरा यायचो, जेवायचो, आणि बायकोला दिवसभराचं सांगत बसायचो. बातमी दिली ती वरच्या आजींनी, जिन्यात.

"अहो, तुमची वाहिनी गेली म्हणे?"

"हो का?" मी म्हणालो, आणि त्यांची पिशवी वरपर्यंत नेऊन दिली. आजी मात्र खऱ्याच हळहळत होत्या. त्यांच्या मालिकेतल्या सासूला भूत लागलं होतं, आणि ते पुढे उतरलं की नाही, ते आता कुणालाच कळणार नव्हतं.