‘उजेड’वरचा टेनरचा सी

टेनरचा तो सूर मी बदलला होता. ग्रेगरी सरांनी नाही.

सर काल सकाळी गेले. आज मुलुंडला दफन झालं. घरी आलोय, पण एका जागी बसवत नाहीये. म्हणून लिहितो.

ऐंशीचं दशक. भांडुपच्या एका कंपनीत सर स्टोअरकीपर, मी ड्रॉइंग ऑफिसात ट्रेसर. पेन्सिलचं ड्रॉइंग ट्रेसिंग पेपरवर शाईने उतरवायचं, मग त्याचे प्रिंट निघायचे.
माझी रेघ कंपनीत एक नंबर. असं चीफ ड्राफ्ट्समन म्हणायचे. मीही म्हणायचो.

सर त्यांच्या चर्चचा क्वायर, म्हणजे गाणाऱ्यांचा गट, बसवायचे. एकदा लंच टाइमला दहा कागद घेऊन आले.

"परब, हे उतरवून देशील? माझं अक्षर बघून क्वायरमधल्या पोरी रडतात रे."

ख्रिस्ती लोकांचं फार जुनं ग्रीक स्तोत्र होतं ते. सूर्य मावळताना, दिवे लावताना म्हणायचं. सरांनी शब्द मराठीत आणले होते आणि चार आवाजांसाठी नवीन चाल बांधली होती.

आमच्या घरी भजनाची पेटी. पण उतरवायचं तर समजून, म्हणून मी स्टाफ नोटेशन, म्हणजे पाच रेघांवर सूर लिहायची पाश्चात्त्य पद्धत, शिकलो. क्लास नाही, मास्तर नाही. रद्दीतलं एक पुस्तक आणि ती पेटी. तीन महिन्यांत.

शेवटच्या पानावर ‘उजेड’ हा शब्द.
तिथे अल्टोला, म्हणजे बायकांच्या खालच्या आवाजाला, बी हा सूर. आणि टेनरला, म्हणजे पुरुषांच्या वरच्या आवाजाला, सी.
पेटीवर शेजारच्या त्या दोन पट्ट्या एकदम दाबून बघा. कानात कुसळ गेल्यासारखं होतं.

मला वाटलं, सरांचा हात घसरला.

ट्रेसरचा पहिला नियम: ड्रॉइंगमध्ये चूक वाटली तर विचारायचं. आपल्या मनाने सुधारायचं नाही.

मी सीचा डी केला.
विचारलं नाही.

पहिल्याच प्रॅक्टिसला सर नेमके तिथे थांबले. प्रिंट डोळ्यांजवळ नेला.

"परब, इथे डी आहे?"

"हो सर. डीच आहे."

प्रिंटमध्ये डीच होता. मी खोटं बोललो नाही. हे मी स्वतःला किती वर्षं सांगतोय.

सर हसले. "मग मीच लिहिला असणार. तुझी रेघ कुठे चुकते! चला रे, परत एकदा."

सगळ्या क्वायरसमोर माझं कौतुक झालं होतं. तोंड उघडलं नाही.

गाणं गोड झालं. दरवर्षी होत राहिलं. मीही बेसमध्ये, पुरुषांच्या खालच्या आवाजात, उभा राहून गायला लागलो. मूळ कागद माझ्याच कपाटात. सरांनी कधी मागितले नाहीत.
पुढे खूप ऐकलं, खूप वाचलं. कळलं की असं टोचणारं मुद्दामसुद्धा लिहितात.
तरीही गप्प.

आज सकाळी ते कागद घेऊन सरांच्या घरी गेलो. त्यांची मुलगी मोनिका आता क्वायर सांभाळते. तिला सगळं सांगितलं.

तिने त्या पेन्सिलच्या सीवर बोट ठेवलं.

"गाढवा," ती म्हणाली. "डॅडा घरी हे वाजवताना तिथे हळूच करंगळीने सी दाबायचा. मी ओरडायचे, डॅडा, चुकतंय! तर म्हणायचा, संध्याकाळचा उजेड टोचतो गं, त्याला जायचं नसतं. पण परबने डी लिहिलाय ना, मग माझंच चुकलं असेल."

मग म्हणाली, "इतकी वर्षं स्वतःवर शंका घेत बसला तो. आणि तुला आज सुचलं?"



तिने पेन पुढे केलं. "लिही. तुझ्याच हाताने."

टेनरचे सहा प्रिंट. पिवळे पडलेले. सहा वेळा डी खोडला, सहा वेळा सी लिहिला. माझ्या कागदावर आयुष्यातली पहिली खाडाखोड.

चार वाजता, दफनाआधी, चर्चमध्ये गायलो.
‘उजेड’ आला.
टोचला.

पुढच्या बाकावरच्या एका म्हाताऱ्याने वळून बघितलं, कोण चुकलं म्हणून.

कोणी नाही, बाबा. आज कोणी नाही.

सर, तिथे सीच होता. तुमचंच बरोबर होतं.
हे तुम्हाला ऐकू जाईल इतक्या जवळ मी कितीतरी वर्षं उभा होतो.

शेवटचा नमस्कार.
तुमचा ट्रेसर, परब.