रहिवासाचा दाखला

मी मानवतच्या शाळेत मास्तर होतो. मॅट्रिकचा निकाल लागला की माझ्या घरी माणसं यायला लागत. हैदराबादचं राज्य हिंदुस्थानात सामील होऊन फार दिवस झाले नव्हते. कचेरीतले जुने कागद उर्दूत, नवे हुकूम इंग्रजीत, आणि माणसं मराठी बोलणारी. माझं शिक्षण उर्दूत झालेलं, इंग्रजीही जेमतेम येई, म्हणून कॉलेजची दरखास्त, म्हणजे प्रवेशाचा अर्ज, लिहायची झाली की खेड्यापाड्यांतले बाप पोराला घेऊन माझ्या ओसरीवर बसत. कॉलेज औरंगाबादला. तिथं काय करतात हे बहुतेकांना ठाऊक नसे. पोराला मधूनमधून घरी सोडतात का, की शिक्षण संपेपर्यंत कोंडूनच ठेवतात, असं एकाने मला विचारलं होतं.

त्या साली आमच्या शाळेत पहिला आलेला मुलगा धनगराचा होता. बाप मेंढरं घेऊन गोदावरीच्या काठाने हिंडे. आई आणि लहान भावंडं जवळच्याच एका गावात, एका मोठ्या जमीनदाराच्या वावराच्या कडेला कुडाचं खोपट घालून राहत. मुलगा तिथून रोज चालत शाळेत येई. खोपट बरंच जुनं होतं, मुलगा त्यातच लहानाचा मोठा झाला होता. जमीनदाराला सगळं गाव मालक म्हणे. सुगी झाली की त्यांच्या वावरात मेंढरं बसवायची, त्याचं खत मालकाला, आणि त्या बदल्यात खोपटापुरती जागा, असा व्यवहार होता.

दरखास्तीला रहिवासाचा दाखला जोडावा लागे. तो पाथरीच्या तहसीलीतून मिळे आणि त्यासाठी गावातल्या एका जमीनधारकाने तहसीलदारापुढे उभं राहून तोंडी साक्ष द्यायची. मी बापाला म्हटलं, "मालकांना विचारा. त्यांच्याच वावरात राहता तुम्ही."

"इचारलं गुरुजी. येतो म्हणले. लय मोठ्या मनाचा माणूस हाय."

ठरल्या दिवशी मालक स्वतःच्या बैलगाडीतून पाथरीला आले. बापाने त्यांच्यासाठी नवी घोंगडी विणून आणली होती. ती गाडीत अंथरून मालक तिच्यावर बसले होते. बाप आणि मुलगा गाडीमागून चालत आले.

तहसीलदारांनी मालकांना खुर्ची दिली आणि विचारलं, "ही माणसं तुमच्या गावात राहतात?"

मालकांनी बापाकडे पाहिलं. नुसतंच नाही, चांगलं निरखून पाहिलं. मग म्हणाले, "येतात, जातात. धनगराचं काय साहेब, आज हितं अन् उद्या तिथं. मी कसं सांगू?"

बापाला वाटलं, मालकांना प्रश्न कळला नाही. तो हात जोडून म्हणाला, "मालक, आपलं खोपट. विहिरीपाशी. तुमीच जागा दिली न्हाई का?"

"माझ्या वावरात लय लोक येतात," मालक म्हणाले.

मी मधे पडलो. मुलगा माझ्या शाळेत इतकी वर्षं शिकतो, साक्ष मी देतो, म्हणालो. तहसीलदार म्हणाले, "तुम्ही त्या गावचे नाही मास्तर. गावचा माणूसच ओळखत नाही म्हणतो, तर मी काय करू?" आणि त्यांनी पुढच्या माणसाला आत बोलावलं.

बाहेर लिंबाच्या झाडाखाली मालक पान खात उभे होते. मी रागाने त्यांच्याकडे गेलो. ते अजिबात चिडले नाहीत. उलट मला सावलीत घेतलं.

"माझं पोरगं मॅट्रिकला नापास झालंय, तुमाला माहीत हाय. मेंढरामागचं पोर माझ्या पोराच्या आधी कॉलेजात गेलं, तर मी गावात कसा फिरू? वर्षभर थांबू द्या. काय बिघडतंय त्याचं? तवर माझ्या पोराचा अभ्यास घेईल. ते पास झालं की दोघांचं काम मी करतो. माझा शब्द हाय."

हे सगळं ते मुलाच्या आणि बापाच्या देखत बोलले. मी मुलाला घेऊन दुसरा साक्षीदार शोधायला त्यांच्या गावात हिंडलो. एक दारात आला नाही, दुसरा आजारी निघाला, तिसरा म्हणाला, "गुरुजी, आमाला हितंच राह्याचंय." मुदत निघून गेली. बापाने जाऊन मालकांच्या पायावर डोकं ठेवलं आणि मुलगा मालकांच्या घरी शिकवायला जाऊ लागला.

त्या वर्षात मी दोनदा तिकडे गेलो. मालकांचा मुलगा पलंगावर लोळलेला आणि हा खाली जमिनीवर. मालकांनी एक नेम घालून दिला होता. आपल्या पोराचं गणित चुकलं की शिकवणाऱ्याला छडी. चुकलं म्हणजे नीट शिकवलं नाही. छडी मालकांचा मुलगाच मारी. मी दुसऱ्यांदा गेलो त्या दिवशी त्याने एक सोपी बेरीज मुद्दाम चुकवली, माझ्याकडे बघून हसला, आणि छडी उचलली. याने हात पुढे केला. हात पुढे करायची सवय झालेली दिसत होती.

मी मालकांना म्हणालो, "हे बरं नाही."

"तुमच्या शाळेत छड्या न्हाईत का?" ते म्हणाले. त्यांच्या बायकोने मला चहा आणून दिला.

परतताना मी बापाला गाठून सांगितलं. तो मेंढीच्या खुरातला काटा काढत होता. काटा उपटून त्याने बाजूला टाकला. मग म्हणाला, "हात हाय गुरुजी. बरा व्हतो."

मालकांचा मुलगा पास झाला. काठावर, पण झाला. आणि मालकांनी शब्द पाळला. त्याच तहसीलदारापुढे, त्याच खुर्चीत बसून ते म्हणाले, "माझ्याच वावरात राहतात. लय वर्षांपासून. घरच्यासारखे हायेत." दाखला तिथल्या तिथे मिळाला. बापाच्या डोळ्यांत पाणी आलं. मुलगा भिंतीकडे बघत होता.

दोघांनाही कॉलेजने घेतलं. राहायला मात्र एकाच भाड्याच्या खोलीची सोय झाली, मालकांच्या मुलाची. निघायच्या दिवशी सगळे मानवत रोड स्टेशनवर जमलो. मालकांनी सामान मोजून घेतलं आणि धनगराच्या मुलाला सांगितलं, "तू ह्याच्याच खोलीत राह्याचं. सकाळी चूल पेटवायची, भाकरी टाकायची, कपडे धुवायचे. मग तुझं कॉलेज. अन् ह्याचा अभ्यास, पहिल्यावानीच."

"छडी घेतलीय मी," मालकांचा मुलगा म्हणाला आणि हसला. मालकही हसले.

मुलाने आपली वळकटी उचलून बापाच्या पायापाशी ठेवली.

"मी जात न्हाई," तो म्हणाला.

बापाला आधी ऐकूच आलं नाही. मुलगा परत तेच म्हणाला. मग बापाने मालकांच्या तोंडाकडे पाहिलं. मालकांचं हसू थांबलं होतं. ज्या माणसाने आजारी मेंढी खांद्यावर घेऊन कोसकोस वाट तुडवली, त्याने हातातली काठी फिरवली आणि पोराच्या पाठीवर घातली. एकदा, मग पुन्हा. प्रत्येक फटक्यानंतर तो मालकांकडे बघत होता. मी काठी धरली तर मला हिसका बसला. मालक म्हणाले, "पुरे आता. गाडी येतीय." तेव्हा कुठे तो थांबला.

गाडी आली. मालकांचा मुलगा एकटा बसून गेला. इंटरला दोनदा नापास होऊन तो परत आला आणि कापसाच्या अडतीवर बसू लागला. पुढे लोक त्यालाही मालक म्हणायला लागले. खोपट मालकांनी त्याच आठवड्यात मोडून टाकलं.

त्यानंतर बऱ्याच वर्षांनी, राज्यांची पुनर्रचना होऊन आमचा परभणी जिल्हा मुंबई राज्यात गेल्यावर, पोखर्णीच्या रस्त्यावर आमची प्रवाशांची मोटार बंद पडली. खाली उतरलो तर पलीकडच्या माळावर मेंढरं होती आणि तो होता. त्याने मला ओळखलं. पाया पडला, घोंगडी अंथरली, शेळी पिळून दूध दिलं. बाप वारला होता. त्याबद्दल तो एवढंच बोलला की शेवटी शेवटी बापाला डोळ्यांनी दिसत नव्हतं.

जवळ त्याचं पोर खेळत होतं, शाळेत घालायच्या वयाचं. त्याने मातीत काडीने रेघा ओढून मेंढरांचे कळप मांडले होते आणि कुठल्या कळपातून किती विकली की किती उरतात, ते स्वतःशीच सांगत होतं. मी ऐकत राहिलो. एकही चूक नव्हती.

"शाळेत घातलंस का याला?"

"न्हाई."

"का रे? किती हुशार आहे."

"म्हणून तर न्हाई घालत," तो म्हणाला. आवाजात राग नव्हता. मग पोराला म्हणाला, "ऊठ, मेंढरं बांधाकडं चाललीत बघ. वळीव त्यांना." पोर काडी टाकून पळालं.

मोटार चालू झाली तशी मी उठलो. त्याने मला रस्त्यापर्यंत सोडलं आणि विचारलं, "अजून दरखास्ती लिहिता का गुरुजी?"

"लिहितो."

"लिहा," तो म्हणाला, आणि मेंढरांकडे वळला.