करकोच्यापुढचं पसरट ताट

नाशिकच्या मुंबई नाक्यावरून माझी गाडी सुटली तेव्हा आप्पा फुटपाथवर उभे होते. विमानतळापर्यंत यायला त्यांनी नकार दिला होता; कसारा घाटात मळमळतं, असं कारण सांगितलं. आई जाऊन तेव्हा दोन वर्षं झाली होती, माझा नवरा आधीच मेलबर्नला पोचला होता आणि मखमलाबादच्या घरात आता आप्पा एकटेच राहणार होते. खिडकीतून माझ्या डोक्यावर हात ठेवून म्हणाले, "पोचलीस की कळव. आणि वेळेवर जेवत जा." एवढंच. सगळी नोकरी गोष्टी सांगण्यात घालवलेल्या माणसाने त्या दिवशी एकही गोष्ट सांगितली नाही, याचं मला घाट उतरेपर्यंत वाईट वाटत होतं.

आप्पा हरसूलजवळच्या एका पाड्यावर प्राथमिक शिक्षक होते. मीही त्यांच्याच वर्गात शिकले. हजारो वर्षांपूर्वी ग्रीस देशात एक गोष्टी सांगणारा होऊन गेला, म्हणे गुलाम होता, पण त्याच्या कोल्ह्या-कावळ्यांच्या गोष्टी मालकालाही ऐकाव्या लागत. आप्पा त्याला 'ग्रीसचे गुरुजी' म्हणायचे. त्यामुळे ग्रीस हे सुरगाण्याच्या पलीकडचं एखादं गाव असावं आणि या गुरुजींची तिकडे बदली झाली असावी, असं मला बरीच वर्षं वाटत होतं.

त्याच्या गोष्टींचं एक पुस्तक शाळेत होतं, त्यात प्रत्येक गोष्टीखाली तात्पर्य छापलेलं असायचं. आप्पा त्यावर तळहात ठेवून गोष्ट वाचायचे आणि मग विचारायचे, "आता यातून काय घ्यायचं?" एकदा कोल्हा आणि करकोच्याची गोष्ट चालली होती. कोल्हा करकोच्याला जेवायला बोलावतो आणि पसरट ताटात पातळ खीर वाढतो. करकोच्याच्या लांब चोचीत काहीच येत नाही. मग करकोचा कोल्ह्याला बोलावतो आणि उभ्या, अरुंद तोंडाच्या सुरईत वाढतो. पुस्तकातलं तात्पर्य होतं, दुसऱ्याला फसवणारा स्वतःही फसतो. आम्ही बहुतेकांनी तेच सांगितलं. मागच्या रांगेतली यमुना मात्र उभी राहून म्हणाली, "गुरुजी, आधी इचारायचं ना, तू कशात जेवतोस?"

वर्ग हसला. आप्पा हसले नाहीत. त्यांनी तिचं वाक्य फळ्यावर लिहिलं आणि ते शनिवारपर्यंत पुसू दिलं नाही.

मेलबर्नला मला वृद्धाश्रमात नर्सची नोकरी लागली. तुमच्यापैकी जे इकडे आले त्यांना ही कामं माहीत आहेत: शिफ्ट, रोस्टर, प्रत्येक गोष्टीचा फॉर्म. तिथे कोस्ता नावाचे एक ग्रीक आजोबा होते. तरुणपणी बोटीने आले, चाळीस वर्षं इंग्रजी बोलले, आणि स्मरणशक्ती गेली तशी इंग्रजीही गेली. आता फक्त ग्रीक बोलत, आणि आमच्या मजल्यावर ती कुणालाच येत नव्हती. त्यांची मुलगी एलेनी रविवारी यायची. आजोबा जेवत नव्हते. ताट पुढे ठेवलं की मान फिरवायचे. चार्टवर रोज 'जेवण नाकारलं' असं लिहिलं जायचं आणि वजन उतरत होतं.

एका दुपारी त्यांच्या उशाशी मुलांचं एक जुनं चित्रांचं पुस्तक दिसलं. एलेनीने लहानपणीचं आणून ठेवलं होतं. अक्षर एक कळत नव्हतं, पण चित्रं सगळी ओळखीची. सिंह आणि उंदीर. कासव आणि ससा. मी खुर्ची ओढून बसले आणि त्यांना मराठीतून गोष्टी सांगायला लागले. आजोबा लक्ष देऊन ऐकत होते. पसरट ताटापुढे चोच घेऊन उभ्या असलेल्या करकोच्याचं चित्र आलं तसं त्यांनी माझा हात धरला. करकोच्यावर बोट टेकवलं, मग स्वतःच्या छातीवर. ते बोट थरथरत होतं.

मी समोरच्या ट्रेकडे पाहिलं. उथळ डिश, त्यात सूप, आणि शेजारी चमचा. त्यांना भूक होती. सगळ्यांसमोर अंगावर सांडायची लाज वाटत होती.

मी किचनमधून दोन कानांचा मोठा मग आणला, त्यात अर्ध्यापर्यंत सूप ओतलं. दोन्ही हातांनी धरून त्यांनी ते संपवलं आणि रिकामा मग पुन्हा पुढे केला. रविवारी एलेनी आली तेव्हा तिच्यासमोरही ते तसेच जेवले. ती कॉरिडॉरमध्ये जाऊन रडली.

मी ही हकिकत आप्पांना फोनवर मोठ्या अभिमानाने सांगितली. यमुना आठवते का, असंही विचारलं. ते एवढंच म्हणाले, "चांगलं केलंस, वैशू." आणि पाण्याची मोटर चालू राहिली आहे म्हणून फोन ठेवला. यमुनेच्या आठवणीने त्यांना भरून आलं असेल, असं मी समजले.

पुढच्या वर्षी सुट्टी घेऊन नाशिकला गेले. गल्लीत एक लग्न होतं. आप्पा आहेर देऊन पंगतीला न बसता परत आले; भूक नाही म्हणाले. घरी दुपारी मी दोघांची ताटं वाढली तर म्हणाले, तू जेवून घे, मी मागून बसतो. थोड्या वेळाने मी पाणी घ्यायला स्वयंपाकघरात गेले. आप्पा ओट्याकडे तोंड करून उभे होते. आईच्या पिठाच्या खोल वाडग्यात भाकरी कुस्करून, वाडगं छातीशी धरून ते जेवत होते. हात इतका हलत होता की चमचा काठावर वाजत होता.

किती दिवसांपासून, असं मी विचारलं. दोन वर्षं झाली म्हणाले. मी रोज फोन करत होते. जेवलात का, हे रोज विचारत होते. कसे जेवता, हे एकदाही विचारलं नव्हतं.

"मला सांगायचं ना, आप्पा."

"तू तिकडे परक्या माणसांना भरवतेस. तुझ्या जेवणात कशाला माती कालवू?"

मी खालच्या कपाटातून दुसरं वाडगं काढलं, माझीही भाकरी त्यात कुस्करली आणि ओट्याला टेकून त्यांच्या शेजारी उभी राहिले. आम्ही दोघं जेवलो. दोन दिवसांनी डॉक्टरांकडे नेलं. गोळ्या सुरू झाल्या, थरथर बरीच कमी झाली, पूर्ण गेली नाही.

कितीही बोलावलं तरी ते मेलबर्नला का येत नव्हते, हेही तेव्हाच कळलं. विमानात दोन्ही बाजूंना अनोळखी माणसं असणार आणि त्यांच्यामध्ये बसून जेवावं लागणार, याची त्यांना धास्ती होती.

पूर्वी घर म्हटलं की मला मखमलाबादचं दार दिसायचं, आणि आपण ते सोडून आलो, असं वाटायचं. आता वाटतं, ज्या टेबलाशी माणसाला सांडायची लाज वाटत नाही, ते घर. असं टेबल इकडेही मांडता येतं आणि तिकडेही, पण आपल्या माणसाच्या हाताकडे नीट पाहावं लागतं. दहा हजार किलोमीटरवरून मला ते जमलं नव्हतं.

माझी सुट्टी संपायला चार दिवस होते. सकाळी आप्पा इस्त्रीचा शर्ट घालून बाहेरच्या खोलीत आले आणि पासपोर्टसाठी फोटो कुठे काढतात, ते विचारलं. मी त्यांना स्कूटरवरून फोटो स्टुडिओत घेऊन गेले. फोटोवाला म्हणाला, काका, पासपोर्टचा फोटो आहे, हसायचं नाही. आप्पा बरं म्हणाले. तरी त्याला तो फोटो चार वेळा काढावा लागला.