जावयाचा मान

बायकोला सांगितलं नाही, देवापुढंही बोललो नाही. तुम्ही अनोळखी आहात म्हणून जीभ जरा हलतेय. ओळखीच्या माणसापुढं एवढं तोंड उघडायची माझी हिंमत नाही — कधीच नव्हती.

बारामतीत माझा वाईनचा धंदा आहे. परदेशातली, फळांच्या स्वादाची वाईन. लिची, पीच, स्ट्रॉबेरी. मुंबईचा भागीदार ती बाहेरून आणायचा आणि बारामतीपासून इंदापूरपर्यंत हॉटेलांत खपवायचं काम माझं. खपत नव्हती हो! हॉटेलवाले हसायचे. म्हणायचे, बापू, पिणारा तुझ्या या गोड पाण्याला हात लावत नाही आणि न पिणारा बाटली बघून उठून जातो. गोदामात खोक्यांवर खोकी चढत होती.

मग मी एक वाक्य धरलं — ‘वाईन म्हंजे दारू न्हवं.’ हॉटेलात, लग्नात, जिथं जाईन तिथं तेच. खोटं होतं का? बाटलीवरचं मराठी स्टिकर मी स्वतः चिकटवायचो, त्यात मद्य किती ते छापलेलंच असायचं. मला ठाऊक नव्हतं असं कसं म्हणू? पण नुसत्या बोलण्यावर कोण भुलतंय! कुणीतरी न पिणाऱ्यानं चारचौघांत पिऊन दाखवायला हवी होती.

बघा, मुद्द्याजवळ आलो की धंद्याचंच सांगत बसतो. सवय जात नाही.

माझे दाजी, म्हणजे आक्काचे मालक, वालचंदनगरला फिटर होते. एके काळी इतके प्यायचे की आक्कानं दोनदा माहेर गाठलं. लिव्हर खराब झालं, डॉक्टरनं बजावलं, आता थेंबही नको. तेव्हा दाजींनी लेकीच्या — आमच्या प्राजूच्या — डोक्यावर हात ठेवला आणि शपथ घेतली. सुटली! पाच वर्षं शिवले नाहीत. उलट गावोगाव जाऊन पिणाऱ्यांना समजवायचे. शेजारच्या अंथुर्णे गावात पोरं त्यांना येताना बघून गुत्त्याच्या मागल्या दारानं पळायची. साऱ्या पट्ट्याला ठाऊक होतं, हा माणूस दारूचा वासही घेत नाही.

कळलं ना तुम्हाला? मलाही तेव्हा असंच कळलं. एका क्षणात. आणि मला आनंद झाला — हे लपवत नाही आता.

हॉटेलवाल्यांना मी दुपारच्या जेवणाला बोलावलं. दाजींना सांगितलं, वाईनच्या जोडीला सरबताचा नवा धंदा काढतोय, जावयाचा मान तुमचा, नारळ तुमच्या हातनं फुटायचा. ते इस्त्रीचा शर्ट घालून आले. नारळ फोडला. पहिला ग्लास मी त्यांच्या हातात दिला. बाटली रुमालात गुंडाळली होती, स्टिकर आत जाईल अशी. त्यांनी हळूच विचारलं, “बापू, दारू न्हाय ना ह्यात?”

मी म्हणालो, “न्हाय दाजी. लिचीचं सरबत हाय.”

एक घोट घेतला आणि त्यांनी माझ्याकडं बघितलं. पाच वर्षांनीसुद्धा जीभ विसरते होय? त्यांना कळलं. ग्लास खाली ठेवता आला असता, माझ्या तोंडावर फेकता आला असता. पण तीस माणसं बघत होती, मेहुण्याची अब्रू होती. त्यांनी सगळा ग्लास संपवला. टाळ्या पडल्या. त्या दिवशी सगळ्यांनी ऑर्डर दिल्या.

दाजी जेवले नाहीत. तसेच मोटारसायकलवर बसून गेले.

चौथ्या दिवशी आक्काचा फोन आला. पिऊन पडलेत म्हणाली. पुढं रोजचंच झालं. शेवटी घरात बैठक बसली — त्यांचे भाऊ, दोन जाणती माणसं आणि मुलीचा मामा म्हणून मी. मला बोलायला सांगितलं. आणि मी बोललो! गप्प बसलो असतो तरी आज एवढा कोसळलो नसतो. सगळ्यांदेखत मी त्यांना म्हणालो, “दाजी, लेकीच्या डोक्यावरची शपथ मोडताना लाज न्हाय वाटली?”

त्यांनी मान वर केली. मला वाटलं, आता सांगणार. एक शब्द आणि आक्काचं माहेर तुटलं असतं. ते माझ्याकडं बघत राहिले, मग म्हणाले, “चुकलं माझं.” बस्स. आक्कानं त्या दिवसापासून त्यांना ताट वाढलं, पण त्यांच्याशी बोलली नाही. सव्वा वर्षात डोळे पिवळे झाले, पोट फुगलं, गेले. दवाखान्यात मी रोज जायचो. खोलीत आम्ही दोघंच असायचो कितीतरी वेळा. तेव्हा तरी माफी मागायची होती ना? मी त्यांना शहाळं सोलून द्यायचो आणि उसाच्या भावाचं बोलायचो.

दुसरं कुणी असतं तर मी म्हणालो असतो, अरे, एका ग्लासानं काय होतंय, त्याच्या मनातच असणार. मीही वर्षभर हेच घोकलं. पण पाच वर्षं न ढळलेला माणूस होता तो. मीच ढकलला त्याला, हसत हसत, मान देऊन.

दहाव्याला नीरेच्या काठी सगळे विधीत होते. प्राजू बाजूला पायरीवर बसली होती, चौदा वर्षांची. मी जवळ गेलो. ती माझ्याकडं न बघताच म्हणाली, “मामा, माझ्या डोक्यावर हात ठेवला होता त्यांनी. तरी प्यायले. म्हंजी मी मेले असते तरी चाललं असतं का त्यांना?”

कुणी ऐकत नव्हतं. आक्का लांब होती. दोन वाक्यं पुरली असती, आणि पोरीला तिचा बाप परत मिळाला असता.

मी तिच्या पाठीवरून हात फिरवला आणि म्हणालो, “पिणाऱ्याला कोण दिसत नसतं गं, बाळा.”

तिनं डोळे पुसले, मान हलवली. तिला पटलं. अजून पटलेलंच आहे.