शालनच्या वाट्याचं पाणी

“दोन्ही मूत्रपिंडं निकामी झाली आहेत,” असं कोल्हापूरच्या डॉक्टरांनी सांगितलं, तेव्हा माझी बायको शालन पायावरची सूज बोटानं दाबून बघत होती. ती म्हणाली, “एवढ्यात मरायला मला सवड न्हाय डॉक्टर. पुढचं सांगा.”

पुढचं म्हणजे ट्रान्सप्लांट, दुसऱ्याचं मूत्रपिंड बसवणं. गारगोटीच्या माझ्या सासूबाईंचं जुळलं. ऑपरेशन मुंबईला ठरलं. तोवर ‘फ्लुइड रिस्ट्रिक्शन’. लघवी जवळजवळ बंद झालेली, त्यामुळं प्यालेलं अंगातच साठतं. म्हणून पाणी मोजून. शालन बर्फाचा खडा जिभेवर धरून दुपार काढायची.

आता जे सांगतोय ते सन ऐंशीच्या सुमाराचं आहे आणि शालन सोडून आजवर घरात कुणाला ठाऊक नाही.

आमच्या कोल्हापुरात संध्याकाळी म्हशी चौकातल्या कट्ट्यावर येतात. गवळी समोर धार काढून पेला हातात देतो. तालमीतला पैलवान असो की बाळंतीण, अशक्तपणावर आमचं औषध तेच. ऑपरेशनला ताकद पाहिजे म्हणून मी रोज चरवी भरून दूध घरी न्यायचो. पाण्यावर माझी कडक नजर, पण दूध कधी मोजलं नाही. दूध म्हणजे खुराक, ते पाण्यात कसं धरायचं? डॉक्टरांना विचारावं, हेसुद्धा सुचलं नाही.

मुंबईला पोचेपर्यंत शालनला धाप लागली. फुप्फुसात पाणी भरलं होतं. डायलिसिसच्या मशीननं ते काढावं लागलं, ऑपरेशन लांबलं. डॉक्टर ओरडले, “हिला काय पाजलंत?” शालन धापा टाकत म्हणाली, “मीच प्याले. राहवलं न्हाय.”

तिनं माझं नाव घेतलं नाही, मीही घेतलं नाही.

पुढं ऑपरेशन झालं. सासूबाईंचं मूत्रपिंड शालनच्या पोटात लगेच चालू झालं. लघवीची पिशवी भरताना बघून मी रडलो. डॉक्टर म्हणाले, “आता नियम उलटा. जेवढं बाहेर जाईल तेवढं आत गेलं पाहिजे. नवं मूत्रपिंड कोरडं पडू द्यायचं नाही.” आधी सलाईन होतं. मग तोंडानं पाजायचं काम माझ्याकडं आलं.

आणि माझा हात पेला भरेना. डोळ्यांपुढं ती धाप. मी अर्धा पेला पाजायचो, अर्धा मोरीत ओतायचो आणि सिस्टरना सांगायचो, पूर्ण घेतला. शालन म्हणायची, “अवो, घोटघोट काय पाजताय, मी काय पाखरू हाय?” मी तिला गप्प करायचो.

क्रिएटिनिन वाढलं. हा रक्तातला कचरा. मूत्रपिंड मंदावलं की तो चढतो. डॉक्टरांना रिजेक्शनची शंका आली, म्हणजे शरीरानं परकं मूत्रपिंड नाकारणं. भारी औषधं सुरू करायची बोलणी झाली.

सासूबाई टाक्यांवर हात धरून व्हरांड्यात बसल्या होत्या. मला बघून हळूच म्हणाल्या, “जावईबापू, माझंच नासकं निघालं काय वो?”

मी तसाच फिरलो. डॉक्टरांपुढं सगळं ओकलो: मोरीत ओतलेलं पाणी, आणि दूधसुद्धा. त्यांनी शालनची जीभ बघितली, वजन केलं, सलाईन वाढवलं. मला एवढंच म्हणाले, “ती किती प्याली ते सांगायचं. तुम्हाला काय वाटतं ते नको.” शालननं माझ्या हातातला पेला ओढून घेतला आणि घटाघटा प्याली. रक्ताचा आकडा हळूहळू उतरला.

ज्यांच्या घरी हे चाललंय त्यांना सांगतो. दूध, चहा, रस्सा, आमटी, बर्फ, सगळं पाण्यातच धरा. डॉक्टर नियम बदलतील तेव्हा तुम्हीही बदला. आणि चुकलात तर त्याच क्षणी बोला. माझ्या न विचारण्यानं आणि गप्प बसण्यानं शालन दोनदा मरणाच्या दारात गेली. शिव्या द्यायच्या तर मला द्या, मी ऐकून घेईन.

तिला मात्र कुणी काही शिकवायला जाऊ नका. परवा कागलच्या लग्नात पंगतीत एक मावशी म्हणाली, “शालन, बेतानं गं पाणी. उसनं मूत्रपिंड हाय.”

“उसनं न्हवं मावशी,” शालन म्हणाली, “आईनं दिलंय. चालवायलाच दिलंय.” आणि तिनं पेला माझ्यापुढं धरला.

मी काठोकाठ भरला.